आरएक्स १०० ला पुढे डिस्क ब्रेक आणि अलॉय चाके बसवावीत का?

करूळघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९९२ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. वडिलांनी ती कोरी घेतली होती आणि गेली सहा वर्षे ती माझ्या हातात आहे. कोल्हापुरातल्या रोजच्या फेऱ्यांत तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती महिन्यातून एकदा होणाऱ्या वैभववाडीच्या फेरीबद्दल. टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे थ्रॉटल सोडला तरी ही गाडी फोर-स्ट्रोकसारखी स्वतःला आवरून धरत नाही, आणि गगनबावडा मागे टाकून करूळ घाट उतरायला लागले की सगळा भार दोन्ही ड्रम ब्रेकवर येतो. मागच्या श्रावणात मावसभाऊ आणि त्याची पिशवी मागे घेऊन उतरत असताना पुढच्या ब्रेकची लिव्हर हळूहळू मुठीकडे सरकू लागली, आणि शेवटच्या वळणांवर तर ती जवळजवळ मुठीलाच टेकली. समोरून एसटी येत होती. गाडी थांबली, पण ती मी थांबवली असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

त्यानंतर मी जरा घाई केली. जुन्या बाजारातून दीडशे सीसीच्या एका गाडीची १७ इंची अलॉय चाके, २४० मिलिमीटरची डिस्क, तिला पॅडने दाबून धरणारे दोन पिस्टनचे कॅलिपर आणि वेगळ्याच एका मोठ्या गाडीचा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबली की ऑइल ढकलणारा) असा सगळा संच विकत घेतला. आमच्या मेस्त्रींचे म्हणणे असे, की पुढचे शॉकअप (चाक धरणारे दोन पाय) गाडीचेच ठेवू, त्यांतल्या डाव्या पायावर कॅलिपरसाठी एक पट्टी वेल्डिंग करू, एक्सलला बुश (जागा भरून काढणारी नळी) मारू आणि दोन दिवसांत गाडी हातात देऊ. खर्च परवडणारा आहे, पण वेल्डिंग हा शब्द ऐकल्यापासून मन धजत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा करून पस्तावले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उलटा पाना

तुमचे मन धजत नाही हे उत्तम लक्षण आहे, ते तसेच राहू द्या. मी २०११ मध्ये माझ्या आरएक्स १३५ वर हेच काम केले होते, आणि पहिल्या खेपेस तुमचे मेस्त्री सांगतात त्याच पद्धतीने केले होते. म्हणून आधी वेल्डिंगबद्दल लिहितो.

शॉकअपचा खालचा पाय ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. त्याच्यावर बाहेरून पट्टी वेल्ड केली की आसपासचा धातू मऊ पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आतले भोक किंचित वाकडे होते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण आतली नळी तिथे अडखळू लागते. आता त्या पट्टीवर जोर किती येतो ते पाहा. गाडी आणि चालक मिळून पावणेदोनशे किलो धरले आणि कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक मारला, तर २४० मिलिमीटरच्या डिस्कवर कॅलिपरला ओढणारा जोर सुमारे २,७०० न्यूटन, म्हणजे पावणेतीनशे किलो वजन टांगावे इतका होतो. ड्रमच्या प्लेटलाही (त्याच्या न फिरणाऱ्या झाकणालाही) हा जोर कुठेतरी टेकवावा लागतोच, पण त्यासाठी कारखान्याने पायावर उंचवटा मूळ ओतकामातच दिलेला असतो. (जाता जाता : चाक काढून पुन्हा बसवताना प्लेटची खाच त्या उंचवट्यात बसली आहे की नाही हे दर वेळी हाताने चाचपून पाहावे. ती बसली नसेल तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल तुटते आणि चाक जाम होते.)

दुसरा मुद्दा बुशचा. बेअरिंगचे आकडे नीट वाचता आले तर अर्धे काम घरी बसून समजते. ६३०१ चे आतले भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७ आणि जाडी १२. ६२०२ चे भोक १५, व्यास ३५, जाडी ११. तुमच्या अलॉयच्या हबमध्ये ६२०२ असेल आणि जुना एक्सल १२ चा असेल, तर त्या दोहोंमध्ये दीड मिलिमीटर जाडीची नळी घालावी लागते. लेथवर ती छान दिसते. माझी तशी नळी आठ महिन्यांत आतून घासली गेली आणि चाक एक्सलवर डुगडुगू लागले. शिवाय दोन बेअरिंगांच्या मध्ये जो स्पेसर असतो, तो नेमक्या लांबीचा नसेल तर एक्सलचा नट आवळताच बेअरिंगे आडवी दाबली जातात आणि हजारभर किलोमीटरमध्येच आवाज करू लागतात.

दुसऱ्या खेपेस मी शहाणपणा केला. एकाच गाडीचा सबंध पुढचा भाग घेतला : चाक, एक्सल, दोन्ही शॉकअप, वरची आणि खालची टी (शॉकअप धरणारे जोड), कॅलिपर, होस, मास्टर सिलिंडर, सगळे एकमेकांसाठीच बनलेले. मग जुळवायची एकच जागा उरली, ती म्हणजे टीमधला स्टेम (हँडलबरोबर फिरणारा दांडा). नव्या टीचा स्टेम प्रेसवर काढून आरएक्सचा जुना स्टेम तिथे दाबून बसवला, त्यासाठी लागणारा फरक लेथवर काढला आणि कोन सेट (स्टेमची बेअरिंगे) गाडीचाच ठेवला. तुम्ही कोल्हापुरात आहात, उद्यमनगरात हे काम डोळे मिटून करणारे लोक आहेत. मात्र नवे शॉकअप जुन्यांपेक्षा किती लांब आहेत ते आधी मोजा. या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर सव्वा मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे पुढचा भाग २० मिलिमीटर उचलला गेला तरी स्टिअरिंगचा कोन जवळजवळ एक अंशाने मागे झुकतो, आणि आरएक्सची ती नजर वळवावी तिकडे वळण्याची सवय गेलेली कळते. नळ्या टीमधून तेवढ्याच वर सरकवल्या की प्रश्न सुटतो.

लायनर

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तुमचा ड्रम ब्रेक मुळात सुस्थितीत आहे का? १९८५ मध्ये ही गाडी आली तेव्हा ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन या हिशेबाने तिला १३० मिलिमीटरचे ड्रम दिले गेले, आणि याच घाटांतून त्या गाड्या भरभरून गेल्या. तीस वर्षांनंतर आपण ज्याला आरएक्सचा ब्रेक म्हणतो, तो बहुधा तीस वर्षे नीट न उघडलेला ब्रेक असतो.

चाक काढा आणि सर्वप्रथम आतली धूळ ओल्या फडक्याने पुसा. हवा मारू नका, कारण जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांत) ॲस्बेस्टॉस असू शकते. लायनरवर काचेसारखी चकाकी चढली आहे का ते पाहा. मग ड्रमचा आतला व्यास तीन-चार ठिकाणी मोजा. हबवर आतल्या बाजूला कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्यापुढे ड्रम गेला असेल तर पुढचे काही करण्यात अर्थ नाही. सगळीकडे व्यास सारखा नसेल, तर ड्रम अंडाकृती झाला आहे. हे तारांच्या चाकात हमखास होते, कारण तारा आवळताना हब ओढला जातो. म्हणून ड्रम लेथवर घ्यायचा तो तारा भरून, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून झाल्यावर, चाकासकट. सुटा हब लेथवर घेऊन नंतर तारा भरणे म्हणजे केलेले काम मोडून ठेवणे होय.

ड्रम मोठा झाला की नवे लायनर त्याला फक्त मध्यभागी टेकतात. ड्रमच्या आत खडू फासून, ब्रेक हलकाच दाबून चाक एकदा फिरवा. लायनरवर खडू जिथे लागेल तेवढाच तुमचा ब्रेक. उंच भाग कागदाने घासत घासत निदान तीन-चतुर्थांश लायनर टेकेपर्यंत हे करावे लागते, त्याला एक संध्याकाळ जाते. शेवटची गोष्ट प्लेटवरच्या आर्मची, म्हणजे केबल जी दांडी ओढते तिची. ब्रेक दाबलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात काटकोन असला पाहिजे. लायनर झिजले की बरेच मेकॅनिक आर्म एक दात मागे बसवून लिव्हर घट्ट करून देतात, गिऱ्हाईक खूश होते, आणि त्या दिवसापासून ब्रेकची ताकद कमी झालेली असते.

करूळघाट (धागाकर्ता)

लायनर, तुमचा प्रतिसाद वाचून रविवारी चाक उघडले. आर्म खरोखरच एक दात मागे होता. कॅमवरची (लायनर फाकवणाऱ्या दांड्यावरची) खूण आणि आर्मवरची खूण जुळत नव्हती. डाव्या लायनरची चकाकी अशी होती की त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दिसत होते. ड्रमचा व्यास एका दिशेला १३०.३ आणि तिच्या काटकोनात १३०.७ भरला. हबवरची मर्यादा १३१ आहे, म्हणजे तो अजून वाचवता येण्याजोगा आहे. केबल बाहेरून नवी दिसते, पण सोडून हाताने ओढली तर मध्येच अडते.

असे असूनही डिस्कचा मोह सुटलेला नाही, हे कबूल करतो. विकत घेतलेल्या मास्टर सिलिंडरच्या पोटावर ५/८ असा आकडा ओतलेला आहे, आणि कॅलिपरचे दोन्ही पिस्टन एकाच बाजूला असून प्रत्येकाचा व्यास २५.४ मिलिमीटर आहे. हे एकमेकांना चालेल का? तसेच १८ इंचांवरून १७ इंचांवर आल्यामुळे गाडी खाली बसेल, अशी भीती वडिलांना वाटते.

आकडेमोड

चाकाचा प्रश्न सोपा आहे, म्हणून आधी तो. इंच फक्त रिमचे असतात, रस्त्याला टायर लागतो. तुमचा पुढचा मूळ टायर २.५०-१८ धरला, तर ४५७ मिलिमीटरची रिम आणि दोन्ही बाजूंचे मिळून १२७ मिलिमीटर रबर, एकूण ५८४. १७ इंची रिमवर ९०/९० चा (९० मिलिमीटर रुंद, उंची त्याच्या ९० टक्के) टायर घातला, तर ४३२ अधिक १६२, म्हणजे ५९४. मागे २.७५-१८ चे ५९७ होतात आणि १००/९०-१७ चे ६१२. म्हणजे छोटी रिम घालून गाडी खाली न बसता किंचित वरच जाते. वडिलांना निश्चिंत करा, पण मडगार्ड आणि चेनकव्हरपाशी टायरला मोकळी जागा राहते का, ते मात्र पाहा.

आता ५/८ चा मास्टर. ५/८ इंच म्हणजे १५.९ मिलिमीटर, क्षेत्रफळ १९८ चौरस मिलिमीटर. तुमच्या दोन पिस्टनांचे मिळून क्षेत्रफळ १,०१३. गुणोत्तर आले ५.१. त्याच कॅलिपरला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा मास्टर लावला तर गुणोत्तर बरोबर ८ येते. बोटांनी तेवढाच जोर लावला तर अर्ध्या इंचाचा मास्टर पॅडवर दीडपटीहून अधिक दाब देतो. तुमचा मास्टर बहुधा पुढे दोन डिस्क असलेल्या गाडीचा आहे, त्याला चार पिस्टनांना ऑइल पुरवायचे होते. तो लावलात तर लिव्हर दगडासारखी घट्ट लागेल, दुकानात उभ्या गाडीवर दाबून पाहणारा प्रत्येक जण वाहवा करेल, आणि रस्त्यावर गाडी थांबणार नाही. या खात्यात लोक इथेच सर्वाधिक फसतात. घट्ट लिव्हर म्हणजे जोरदार ब्रेक नव्हे.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात. बँजो बोल्टचे (ऑइलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) आटे तपासा. जपानी पद्धतीचे बहुतेक १.२५ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) असतात, इटालियन पद्धतीचे १.०, आणि दोन्ही पहिले दोन फेरे एकमेकांत खुशाल जातात. तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला. ब्रेक ऑइल डॉट ४ वापरा, सीलबंद डब्यातले; त्याचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा डबा पाणी शोषण्यात कसूर करत नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, त्याची भेसळ चालत नाही.

उलटा पाना

आकडेमोड यांच्याशी पूर्ण सहमत. अलॉयबद्दल दोन ओळी राहिल्या होत्या. ओतीव अलॉय हलकीच असतात हा समज तराजूवर टिकत नाही. माझे डिस्कसकट अलॉय चाक जुन्या तारांच्या चाकापेक्षा भरघोस जड निघाले होते. तारांची रिम खड्ड्यात वाकली तर कोकणातल्या कुठल्याही गावात आउट काढून मिळतो. अलॉय वाकले तर ते ठोकून सरळ करून देणारे आहेत, पण ठोकलेल्या अलॉयवर मी बायको-मुलांना बसवणार नाही. तुम्ही घेतलेली चाके जुन्या बाजारातली आहेत, तेव्हा रिमच्या कडेला आतून रंगाचा जाड थर कुठे आहे का ते नखाने पाहा. रंगाखाली वेल्डिंग असू शकते. डिस्कवर कमाल झीज सांगणारी किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजून घ्या.

कागदपत्र

चर्चा उत्तम चालली आहे, पण कायद्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तुमची गाडी पंधरा वर्षांची मुदत केव्हाच ओलांडून गेली आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओच्या निरीक्षकासमोर उभी करावी लागते. ब्रेक सुधारला हा बचाव तुम्हाला नैतिकदृष्ट्या योग्य वाटेल, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक पट्टी, बुश आणि बदललेली टी यांची छायाचित्रे काढेल तेव्हा तो कामाला येणार नाही. माझा सल्ला असा, की पाना हातात घेण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करावी.

नेकारकाठ

मी स्टुटगार्टजवळ राहतो. इथे असा बदल करता येतो, पण सुट्या भागासोबत मान्यतेचा कागद लागतो, किंवा तपासणी संस्थेच्या अभियंत्याकडून गाडी तपासून घेऊन तो बदल गाडीच्या कागदांत चढवावा लागतो. माझ्या जुन्या गाडीच्या ब्रेक होसवरचे छापील अक्षरही त्या गृहस्थांनी भिंग लावून वाचले. तेव्हा मनातल्या मनात चरफडलो होतो.

करूळघाट (धागाकर्ता)

दीड महिन्याने लिहीत आहे, क्षमस्व. आरटीओत गेलो होतो. खिडकीवरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि उत्पादकाचे किंवा मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे पत्र आणा म्हणाले. बंद होऊन पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या गाडीसाठी असे पत्र कोण देणार, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

म्हणून ड्रमवर सगळे लक्ष दिले. पुढच्या चाकाच्या तारा नव्या भरून आउट काढला, मग चाकासकट ड्रम उद्यमनगरात लेथवर घेतला. १३०.८ वर तो सगळीकडे सारखा झाला. नवे लायनर पहिल्या दिवशी खडूच्या परीक्षेत जेमतेम बोटभर टेकत होते. दोन संध्याकाळी अंगणात बसून ते घासले. वडील बाजूला खुर्ची टाकून बसले होते, आणि माझा हात एकाच कडेला जास्त चालतो आहे हे त्यांनी दोनदा दाखवून दिले. आर्म खुणेवर आणला, केबल नवी घातली, आणि दोन्ही टायर बदलले, कारण जुने कडक होऊन त्यांना भेगा पडल्या होत्या.

मोजमाप असे केले. सकाळी सहा वाजता एका सरळ, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर खडूने रेघ मारली आणि ताशी ४० किलोमीटरवरून त्या रेघेवर ब्रेक मारला. दुरुस्तीपूर्वी पाच वेळांची सरासरी साडेचौदा मीटर आली होती, दुरुस्तीनंतर अकरा मीटर ऐंशी सेंटिमीटर. त्यातला टायरचा वाटा किती आणि लायनरचा किती, हे वेगळे काढता येत नाही; दोन्ही एकाच वेळी बदलायला नको होते.

नंतर घाट. मावसभाऊ आणि तीच पिशवी घेऊन उतरलो, या वेळी वरपासूनच दुसऱ्या गियरमध्ये, आणि लिव्हर धरून न ठेवता दाबून सोडत. निम्म्या घाटात लिव्हरचा प्रवास वाढला. एका रुंद जागी थांबून हबवर पाण्याचा थेंब टाकला तर तो चर्र करून उडून गेला. दहा मिनिटे बसलो आणि पुढे निघालो. तळाशी लिव्हर आणि मूठ यांच्यात दोन बोटे अंतर शिल्लक होते. ओझे घेऊन सलग उतरताना डिस्कची बरोबरी हा ड्रम करू शकणार नाही हे मला मान्य आहे, आणि त्यामुळे आता मावसभाऊ एसटीने येतो.

अलॉयच्या कडेला नखाने खरवडले तेव्हा मागच्या चाकावर रंगाखाली वेल्डिंगची रेघ निघाली. ते भंगारात दिले. पुढचे चाक निर्दोष होते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाकडे तीच दीडशे सीसीची गाडी आहे, आणि खड्ड्यात त्याचे पुढचे अलॉय चिरले होते. डिस्क आणि कॅलिपरसकट ते त्याला घेतल्या किमतीत देऊन टाकले. आमच्याच अंगणात त्याने चाक बसवले. एक्सल एका बाजूने घातला तो दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर आला, ना बुश, ना वॉशर, वीस मिनिटांत काम झाले.

५/८ चा मास्टर अजून माझ्याकडे पडून आहे. पुढे दोन डिस्क असलेल्या गाडीसाठी कोणाला हवा असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा.